सामंत बाई आणि वाढदिवसाचं नाटक

वाचता वाचता सामंत बाई मध्येच पुस्तक मिटायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, "शी!" उघड्या गटारावरून जाताना म्हणावं तसं. समोर बसलेली नऊ-दहा वर्षांची मुलं आधी दचकायची, मग तीही एका सुरात "शी!" म्हणायची. माझी लेक ईरा त्यांच्या वाचनवर्गाला पहिल्यांदा गेली त्या शुक्रवारी मी तिला आणायला महबूला भागातल्या त्यांच्या फ्लॅटबाहेर उभी होते, आणि आतून हाच आवाज आला. मला वाटलं, झुरळ निघालं.

"झुरळ नाही गो," बाई दार उघडत म्हणाल्या. "माणूसच निघाला. ये आत."

त्या इथे आखातात एका भारतीय शाळेत इंग्रजी शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी घरी मराठी मुलांना जमवून जुन्या अमेरिकन कादंबऱ्या वाचून दाखवत. डोळ्यांपुढे इंग्रजी, तोंडात मराठी, तेही अधूनमधून वेंगुर्ल्याच्या वळणाचं. मुलं उत्तरं इंग्रजीत देत. बहुतेक कादंबऱ्यांत एखादं लहान मूल असे. गावातली सज्जन, देवाला जाणारी गोरी माणसं काळ्या शेजाऱ्यांशी कशी वागतात ते त्या मुलाला एक दिवस दिसतं, आणि त्या दिवसानंतर ते मूल पहिल्यासारखं राहत नाही. मला ही निवड जरा जड वाटली होती. तसं बोललेही.

"जड आहेच," त्या म्हणाल्या. "पण यांना 'अरेरे' म्हणायची सवय लागायच्या आत 'शी' म्हणायची लावायची आहे. अरेरे म्हटलं की आपण सुटतो. किळस आली की माणूस निदान पाय तरी बाजूला घेतो."

एखादं मूल आपल्या पाळीला वाचताना रडलं, तर बाई त्याला जवळ घेत नसत. "नाक पूस आणि तीच ओळ परत वाच," म्हणत. "रडताना अक्षरं नीट दिसत नाहीत, मेल्या."

आमच्या मराठी मंडळींच्या वार्षिक कार्यक्रमात मुलांचं काहीतरी असतंच. त्या वर्षी बाईंनी स्वतः एक छोटं नाटक लिहिलं. अमेरिकेतलं एक लहान गाव, दोन मैत्रिणी, एक गोरी आणि एक काळी. गोरीच्या वाढदिवसाला काळी मैत्रीण हातात भेट घेऊन येते आणि मैत्रिणीची आई तिला दारातूनच परत पाठवते. बस, एवढंच. कामं वाटताना बाई नेहमी चिठ्ठ्या टाकत, म्हणजे कुणाच्या आईला बोलायला जागा नको. काळ्या मैत्रिणीची चिठ्ठी तन्वीला आली. तन्वी म्हणजे मंजिरीची मुलगी, आणि मंजिरी म्हणजे कार्यक्रमाची सगळी सूत्रं हातात असलेली, हौशी, सतत हसतमुख बाई.

तालमीला आम्ही आया कडेने बसलो होतो. मंजिरी म्हणाली, "बाई, सणासुदीचं आमच्या तन्वीला काळं फासणार का हो?"

"कुणाला काही फासायचं नाही. आहे त्या तोंडाने उभं राहायचं."

"मग ती काळी आहे हे कळणार कसं?"

"तिला दारातून परत पाठवतील त्यावरून कळेल."

"तसं नाही हो. त्यापेक्षा ईराला द्या ना ते काम! मेकअपचाही खर्च नाही."

सगळ्या हसल्या. दुष्टपणे नव्हे, हेच तर किळसवाणं होतं. मंजिरीने बोलता बोलता ईराचा गाल कुरवाळला. मी म्हणाले, "मंजिरी, पुरे." त्यावर ती, "अगं, गंमत! किती लावून घेतेस?" आणि मी ईराकडे पाहिलं तर तीसुद्धा हसत होती. सगळ्यांकडे बघून, त्यांच्याइतकंच तोंड उघडून. माझा रंग तिने घेतला आहे. हे हसणं कधी शिकावं लागतं ते मला ठाऊक आहे. माझ्या डोळ्यांदेखत ती ते शिकली.

बाईंनीही ते पाहिलं. त्या दिवशी त्या "शी" म्हणाल्या नाहीत. "तालीम संपली," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या. ईरा शांतपणे म्हणाली, "आय डोन्ट माइंड, बाई. मी करते ते काम. इट मेक्स सेन्स."

"कोण म्हणतं सेन्स आहे त्यात?" बाईंचा आवाज चढला, मग त्यांनीच तो खाली आणला. "हे बघ गो, मला बघायला आलेली माणसंही असंच बोलायची. 'नाकीडोळी नीटस आहे हो मुलगी, अंधारात हरवली नाही म्हणजे झालं.' आई चहा द्यायची त्यांना वर." बाई काळ्या होत्या. सावळी हा शब्द त्यांना आवडत नसे. मला सूट नको, म्हणायच्या. "आता सांग, तुला स्वतःला कुठलं काम हवंय?"

ईराने बराच विचार केला. "गोऱ्या मुलीची आई."

बाईंनी पिशवीतून संहिता काढून तिच्या हातात दिली. त्यात आई ओरडते, 'चालती हो इथून!' ईराने ती ओळ वाचली आणि मान हलवली.

"ती ओरडणार नाही, बाई."

"मग?"

"ती हसून बोलेल. म्हणेल, अगं, तुलाच आत कंटाळा येईल बघ. मी तुझा केक बाहेर पाठवते हं."

 बाईंनी पेन काढलं, आपली ओळ खोडली आणि तिची लिहून घेतली. जाताना माझ्याशी जिन्यात बोलल्या. "इतकी वर्षं मी यांना पुस्तकातली ओरडणारी माणसं दाखवत बसले. हसणारी ओळखायला कुणी शिकवलंच नाही. आणि हिला कळलं बघ. एवढ्यात कळायला नको होतं गो."  मी हात धरायला गेले तर त्यांनी तो सोडवून घेतला.

तन्वीने हट्ट धरला म्हणून मंजिरीने तिला नाटकात ठेवलं. कार्यक्रमाच्या दिवशी अबू हलीफाच्या हॉलवर ती तन्वीला घेऊन आली ती चेहरा, मान, दंड सगळं काळंभोर रंगवून, वर कुरळ्या केसांचा टोप. सकाळपासून बसून केलं होतं, आणि प्रेमाने केलं होतं. बाईंनी तेल मागवलं, पोरीला खुर्चीवर बसवलं आणि रंग पुसायला घेतला.

"अहो बाई, इतकी मेहनत घेतली मी!" मंजिरी रडवेली झाली.

"दिसतंय ना."

ईराने आईचं काम केलं. दारात उभी राहून, मान तिरकी करून, गोड हसत तिने तन्वीला केक बाहेर पाठवायचं कबूल केलं. प्रेक्षकांत हशा पिकला. कुणीतरी "किती गोड!" म्हणालं. तन्वी हातात भेट घेऊन तशीच उभी होती तरी ते हसत होते. पडदा पडल्यावर मंजिरीने ईराचा पापा घेतला. "कसली गोड बोललीस गं!"

"कळलं नाही त्यांना," विंगेत बाई म्हणाल्या.

"मला माहीत होतं," ईरा म्हणाली.

पुढे बाईंच्या यजमानांची नोकरी संपली, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपला, आणि दोघं वेंगुर्ल्याला परतली. बाई ईराला फोनवर विचारायच्या, "काय वाचतेस? रडलीस का? मग परत वाच." गेल्या महिन्यात त्या गेल्या. झोपेतच, त्रास न होता, असं यजमान म्हणाले.

इथे मंडळींनी शोकसभा ठेवली, त्याच हॉलमध्ये. मी आणि ईरा गेलो. ईरा आता सोळा वर्षांची आहे. भाषणं चालली होती. बाई म्हणजे आमच्या मुलांची दुसरी आई, बाईंनी आम्हाला माणुसकी शिकवली, वगैरे. मी खाली मान घालून ऐकत होते. 

फुलं वाहायला आम्ही पुढे गेलो. टेबलावर हार घातलेली मोठी तसबीर होती. नाक बाईंचं, चष्मा बाईंचा, साडीसुद्धा त्यांचीच. चेहरा मात्र गोरा. गुलाबी झाक असलेला, पिठासारखा गोरा.

ईरा ओंजळीत फुलं धरून थांबली. "काकू, बाईंचा फोटो कुठे आहे?"

"अगं, हा काय!" मंजिरी पुढे झाली. तिचे डोळे खरोखरच रडून सुजले होते. तिने ईराच्या पाठीवर हात ठेवला आणि हलकंसं हसली. "थोडा उजळ करून घेतला, इतकंच. शेवटचा फोटो, छान दिसायला नको?"

मागे रांग खोळंबली होती. ईराने फुलं पुन्हा ताटात ठेवली. मीही ठेवली. नमस्कार न करता आम्ही दोघी बाहेर पडलो.