बिननावाच्या सहा वायरी

आधीच कबूल करते, त्या कॉम्प्युटरच्या डब्यातल्या वायरींवरची नावं मीच पुसली होती. नेलपॉलिश काढायच्या औषधानं आणि कापसाच्या बोळ्यानं, बाबा दूध आणायला गेले होते तेवढ्या वेळात. आणि त्याची मला अजूनही लाज वाटत नाही. म्हणजे थोडी वाटते, पण फार नाही.

कारण सांगते, मग काय ठरवायचं ते ठरवा. बाबा मिलमध्ये वायरमन होते. सगळी उमर त्यांची त्या कापड विणायच्या साच्यांच्या खडखडाटात गेली, त्यामुळे घरातही ते ओरडूनच बोलायचे. मिल बंद पडली त्याला अकरा महिने झाले होते. आमच्या मोहल्ल्यातले बाकीचे पुरुष दिवसभर ओट्यावर बसून पत्ते कुटायचे. बाबा तेही करत नव्हते. ते घरात बसायचे आणि आईच्या फोडणीला नावं ठेवायचे. आई म्हणायची, "मिलवाल्यांनी यांना सोडलं आणि माझ्या मोहरीच्या मागे लावून दिलं."

मग एक ठेकेदार आला. नवी बहुमजली इमारत झाली होती, तिथं वॉचमन हवे होते. बाबांनी हो म्हटलं. सोमवारी सकाळी तो स्कूटरवरून शर्ट आणणार आणि बाबांना बरोबर घेऊन जाणार, असं ठरलं. टोपी तर त्यानं आधीच देऊन ठेवली होती. वॉचमनच्या कामात कमीपणा नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण हो म्हणताना बाबा म्हणाले होते, "या हातांचं आता कोणाला काय काम? गेट उघडायला तरी लागतील." हे ऐकून माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी ताटावरून उठले.

मी तेव्हा तेवीस वर्षांची. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून बसलेली. दिल्लीहून सुटे भाग मागवायचे आणि पुढच्या खोलीत कॉम्प्युटर जोडून विकायचे, असा धंदा मी काढला होता. धंदा म्हणजे काय, तर एक ऑर्डर. राजवाड्याच्या मागे कापडाचं दुकान असलेल्या एका सेठजींची. त्यांची अट एकच होती. "बेटा, अंदर क्या है वो अपन नहीं समझते. सामने की तीनों बत्ती जलनी चाहिए. ग्राहक को दिखना चाहिए कि चल रिया है." शनिवारी चार वाजता ते मशीन बघायला येणार होते.

त्या तीन बत्त्या म्हणजे डब्याच्या तोंडावरचे तीन बारीक दिवे. हिरवा मशीन चालू असल्याचा, लाल आतली डिस्क काम करत असल्याचा, आणि पिवळा मशीन जोरात पळत असल्याचा. या तीन दिव्यांच्या, दोन बटणांच्या आणि एका पिटुकल्या स्पीकरच्या मिळून वायरींच्या सहा जोड्या आत यायच्या. जोडीत एक वायर पांढरी, एक रंगीत. टोकाला काळा प्लग, प्लगवर मुंगीएवढ्या अक्षरात नाव. नाव वाचायचं आणि आतल्या मुख्य बोर्डावरच्या त्या नावाच्या काट्यांवर प्लग बसवायचा, दोन मिनिटांचं काम. नाव नसेल तर मात्र पंचाईत, कारण सगळ्या वायरी एका नळीत शिरून समोरच्या प्लास्टिकमागे गायब व्हायच्या, आणि ते प्लास्टिक रिव्हेटनं ठोकलेलं असायचं.

शनिवारी सकाळचा माझा बेत साधा होता. कुठल्या रंगाची जोडी कशाची, ते पेपरच्या कडेला लिहून ठेवलं. नावं पुसली. बाबा दूध घेऊन आले तेव्हा मी डोक्याला हात लावून बसले आणि म्हणाले, "बाबा, हे बघा ना. दिल्लीवाल्यांनी काही लिहिलंच नाही. वायर कुठली कशाची, मला काही कळत नाही."

बाबांनी दुधाची पिशवी तशीच आईच्या हातात दिली. चष्मा लावला. पाटावर बसले आणि एक प्लग उचलून सरळ नाकाला लावला.

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मिलचा वायरमन वायर आधी हुंगतो. जळकी वायर डोळ्यांआधी नाकाला कळते, हे त्यांनी मला लहानपणी दहादा सांगितलं होतं. त्यांनी दुसरा प्लग हुंगला, तिसरा हुंगला, आणि माझ्या नखांकडे बघितलं.

"तू पुसलीस."

मी बोटं मुठीत लपवली.

"मी काय लहान बाळ आहे? रडू नये म्हणून हातात खुळखुळा देतेस?" ते ओरडले नाहीत. हळू बोलले. बाबा हळू बोललेले मी त्याआधी कधी ऐकलेच नव्हते. मला खरोखर भीती वाटली. ते उठले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि चपला शोधायला लागले.

"बरं, जा," मी चिडून म्हटलं. चूक माझी असली की मी जास्त चिडते, हा माझा जुना रोग आहे. "माझं माझ्याजवळ लिहिलेलं आहे!"

आणि मी पेपर घ्यायला वळले, तर पेपर जागेवर नाही.

"आई, इथला पेपर?"

"मटार सोलले ना त्याच्यावर," आई आतून म्हणाली. "सालं गाईला घालून आले. काय झालं?"

मी चौकापर्यंत धावले. गाय होती. मटाराची सालं नव्हती. पेपरचा एक कोपरा तिच्या तोंडाबाहेर लोंबत होता, आणि मी पोचेपर्यंत तोही आत गेला. माझ्याकडे बघून तिनं शांतपणे कान हलवला.

मी परत आले तेव्हा बाबा दारातच उभे होते, एका पायात चप्पल घालून. अकरा वाजले होते. वायरी तपासायचा माझा मीटर देवासच्या एका मैत्रिणीकडे पडलेला. एकेक प्लग नुसत्या अंदाजानं लावून बघावा तर बोर्ड एकच, बिघडला म्हणजे कल्याणच! मी दारातच रडायला लागले.

"बाबा, सकाळी मी नाटक केलं. आता नाही करत. आता मला खरंच माहीत नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, खरं रडतेय की खोटं याची खात्री करत. मग चप्पल काढली. "टॉर्च आण. आणि तुझ्या आईच्या शिवणाच्या डब्यातून रंगीत दोरे. आणि हे बघ, मधे बोलायचं नाही."

टॉर्चमधले दोन सेल काढून त्यांनी एकामागे एक चिकटपट्टीनं बांधले, दोन्ही टोकांना वायर लावली. आता प्रत्येक जोडीला हे सेल लावायचे. दिव्याची जोडी असेल तर समोर दिवा पेटेल. सोपं होतं. पण मिलमध्ये काळी वायर ती परतीची, हे बाबांच्या हाडात मुरलेलं. इथं काळी नव्हतीच. तेव्हा रंगीत म्हणजे काळीची बहीण असं त्यांनी धरलं, आणि पांढरीला सेलचं वरचं टोक लावलं. सहाही जोड्यांना तसंच. स्पीकर तेवढा खर्र करून बोलला, त्याला त्यांनी लगेच जांभळा दोरा बांधला. पण दिवा एकही पेटला नाही.

"गेले," बाबा म्हणाले. "तिन्ही बत्त्या फ्यूज आहेत."

नव्हत्या. साधा बल्ब कसाही लावला तरी पेटतो, पण हे दिवे एकाच बाजूनं पेटतात. सेल उलटे लावले की ढिम्म. मला हे माहीत होतं. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी शिकवतात. सांगायला दोन शब्द पुरले असते, पण मी सांगितलं असतं तर ते माझ्यासमोर विद्यार्थी झाले असते. आणि नाही सांगितलं तर चार वाजता सेठजी. जीभ चावून बसणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. खरंच चावली, रक्त आलं.

बाबांनी सेल खाली ठेवले. "म्हटलं होतं ना मी. हे नवं काम आपलं नाही." आणि हातांकडे बघत राहिले. आईनं आतून पोहे आणून ठेवले, वर शेव घातली, तरी त्यांनी हात लावला नाही. शेव घातलेले पोहे समोर असून बाबा खात नाहीत, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मी मनातल्या मनात घड्याळाला आणि गाईला शिव्या घातल्या.

बराच वेळ गेला. मग बाबा स्वतःशीच म्हणाले, "नवी मोटर बसवली आणि उलटी फिरली, तर काय करायचो आम्ही?"

मी तोंडावर हात ठेवला.

"दोन वायरी बदलायचो. मोटर खराब नसायचीच. जोडणारा गाढव असायचा." आणि त्यांनी सेल उचलून उलटे लावले.

हिरव्या वायरीच्या जोडीवर समोर लाल बत्ती पेटली.

"हिरव्यावर लाल! कोण हरामखोर आहे हा दिल्लीवाला?" बाबा एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या काकू भिंतीपलीकडून म्हणाल्या, "झाली वाटतं सुरू यांची मिल." मी हसले आणि रडलेही, दोन्ही एकदमच. मग निळीवर पिवळी, केशरीवर हिरवी. ज्या रंगाची बत्ती त्या रंगाचा दोरा, आणि पांढऱ्या वायरीच्या बाजूला गाठ, म्हणजे उलटं लागायला नको. उरलेल्या दोन जोड्यांत टॉर्चचा बल्ब लावून त्यांनी बटणं दाबून बघितली. एक बटण दाबून धरलं तेवढाच वेळ बल्ब पेटायचा, ते मशीन नव्यानं सुरू करायचं; दुसरं दाबून सोडलं तरी पेटलेला राहायचा, ते मशीन जोरात पळवायचं. मी बोर्डावरची नावं वाचत गेले, ते प्लग हातात देत गेले. पोहे थंडच खाल्ले त्यांनी, पण माझ्या ताटातलेसुद्धा खाल्ले.

सेठजी चारला आले. मशीन चालू केलं. हिरवी पेटली, पिवळी पेटली, लाल लुकलुकायला लागली. सेठजींनी पडद्याकडे बघितलंच नाही. लाल बत्तीकडे बोट करून बाबांना विचारलं, "भिया, ये क्या बता रही है?"

बाबांनी जन्मात चालू कॉम्प्युटर बघितला नव्हता. पण पाठीमागे हात बांधून, मिलच्या मास्तरच्या थाटात ते म्हणाले, "सेठजी, ये जब तक टिमटिमाए, मशीन को हाथ नहीं लगाने का. काम पे है वो." सेठजींनी मान डोलावली आणि दोन पावलं मागे सरकले. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, नाहीतर हसू फुटलं असतं. मशीन त्याच संध्याकाळी गेलं. पुढच्या ऑर्डरचं सेठजी म्हणाले, "देखते हैं."

सोमवारी सकाळी दारात स्कूटर वाजली. ठेकेदार हातात खाकी शर्ट घेऊन आत आला. बाबा आंघोळ करून, भांग पाडून तयार बसले होते. शर्ट त्यांनी घेतला नाही. माझ्याकडे वळून, त्याच्या समोरच विचारलं, "खरं सांग. तुझ्याकडे माझ्यासाठी काम आहे का? की शनिवारपुरतंच होतं?"

हो म्हणणं किती सोपं होतं. सुचलेली थाप गिळायला मला वेळ लागला.

"एकच ऑर्डर होती बाबा, ती गेली. पुढची येईल की नाही, मला माहीत नाही. आली तर मला तुम्ही लागाल, हे मात्र खरं आहे."

बाबा उठून आत गेले. मग टोपी आणून ठेकेदाराच्या हातात दिली, आणि मिलमध्ये बोलायचे त्या आवाजात मला म्हणाले, "मिलचं तरी कुठं माहीत होतं?"