कव्हरावरची खोक

पॉलिशवाल्या वहिनींच्या हातांवरून त्यांचा धंदा कुणीही ओळखला असता. नखांच्या कडा बारा महिने राखाडी, तळवे पॉलिशपेपराने घासून गुळगुळीत, आणि बोटांचे ठसे तर जवळजवळ पुसलेलेच. एकदा एका कचेरीत यंत्रावर अंगठा टेकवायला सांगितला, तर यंत्र काही केल्या त्यांना ओळखेना. शेजारी उभा असलेला नवरा म्हणाला, "आता खुशाल दरोडे घाल, कुणाच्या बापाला पत्ता लागायचा नाही."

नवऱ्याला सगळी गल्ली मिस्त्री म्हणायची. गॅरेजात इंजिनं उतरवता उतरवता त्यांची पाठ कामातून गेली आणि ते घरी बसले. मग जुन्या गाड्यांचे हौशी मालक घरीच यायला लागले. कुणाचं टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण, कुणाचा कार्बोरेटर, सगळं घासून चमकवायला. सुरुवातीला मिस्त्री बसून घासायचे आणि वहिनी नुसत्या पाणी ओतायच्या. वर्षभरात उलटं झालं. मिस्त्री बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांशी बोलायचे आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत वहिनींचा हात चालायचा.

काम दिसायला सोपं, पण खोडकर. एका नवख्या गिऱ्हाइकाने भांडी स्वच्छ होतात म्हणून आपलं कव्हर घरीच कॉस्टिक सोड्याच्या बादलीत बुडवलं होतं. बादली उकळल्यासारखी फसफसली आणि तासाभराने हातात आलं ते काळं, कुरतडलेलं काहीतरी. ते घेऊन तो वहिनींकडे रडत आला. वहिनी म्हणाल्या, "दादा, ह्याला आता पॉलिश नको, चार खांदेकरी बघा."

सगळ्या गिऱ्हाइकांत त्यांचे लाडके म्हणजे दातवाले डॉक्टर. दोन गल्ल्या पलीकडे, कोपऱ्यावरच्या दुमजली घरात एकटेच राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दवाखाना बंद केला तरी खिशातला दात बघायचा इवलासा आरसा सुटला नव्हता. काम न्यायला आले की तो काढायचे आणि कव्हराच्या खाचाखोचांत घालून तपासायचे.

"बाई, इथे मागच्या दाढेत कीड राहिली बघा."

"डॉक्टर, ती कीड नाही, ओतकामाचं छिद्र आहे. खरवडलं तर आरपार जाईल."

"मग राहू द्या. मीही असे पुष्कळ दात राहू दिलेत."

त्यांच्या कव्हरावर तेल ओतायच्या झाकणाशेजारी एक खोक होती, नखभर लांब, एका टोकाला वाकडी. पहिल्या वेळी वहिनी ती घासून काढायला निघाल्या तर डॉक्टरांनी हात धरला. लग्न नवं असताना बायको हौसेने गाडी दुरुस्त करायला पुढे आली आणि तिच्या हातून पाना निसटला, त्याची ती खूण. "बाकी सगळं आरसा करा. तेवढं मात्र तसंच ठेवा." तेव्हापासून वहिनी त्या खोकेच्या कडेकडेने पेपर फिरवायच्या, झोपलेल्या पोराच्या उशाशी झाडावं तसं.

अ‍ॅल्युमिनियमची झळाळी टिकत नाही, हवा लागली की मंदावते. त्यामुळे डॉक्टरांची फेरी ठरलेली असायची. यंदा ती चुकली. वहिनींनी विचारलं तेव्हा किराणावाला म्हणाला, "पुतण्या आलाय राहायला. बरं झालं, म्हाताऱ्याला सोबत झाली." ऐकून वहिनींनाही बरंच वाटलं.

पुढे एके दिवशी जुन्या पार्टचा दुकानदार पोतंभर माल घेऊन आला. आठ-दहा नग, सगळे कळकट. त्यातलं एक टॅपेट कव्हर काळ्या रंगाने जाड माखलेलं होतं. "एवढा रंग उतरवा आणि चमकवून द्या," तो म्हणाला आणि चहा घेऊन गेला.

रंग उतरवायचा भाग वहिनींना कधीच आवडला नाही. खिडकी सताड उघडायची, तोंडाला फडकं बांधायचं, ब्रशने रिमूव्हर लावायचं आणि वाट बघायची. आधी रंग नुसता ओला दिसतो, मग सुरकुततो, मग भाजलेल्या कातडीसारखा फुगून सुटा होतो. एरवी तो खाचांत चिवटपणे धरून बसतो, लाकडी पट्टीने रेटावा लागतो. ह्या कव्हरावरचा मात्र पट्टी टेकवताच सालीसारखा सबंध निघून आला, जणू त्याला खाली धरायला काही सापडलंच नव्हतं.

खाली खडबडीत मळका धातू नव्हता. आरसा होता; रंगाने त्याला हवा लागू दिली नव्हती. त्यात वहिनींना फडकं बांधलेला स्वतःचा चेहरा दिसला.

आपला हात माणूस ओळखतो. कोपऱ्यात पेपर कसा वळवलाय, बफचं कापडी चाक कुठल्या दिशेने फिरवलंय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तरी त्यांनी तेलाच्या झाकणाशेजारी पट्टी टेकवली आणि रंग हळूच ओढला. खोक तिथेच होती, एका टोकाला वाकडी.

"अहो," त्यांनी हाक मारली. "जरा आत या."

मिस्त्री भिंतीला धरत आले, वाकून बघितलं आणि खोकेवरून नख फिरवलं.

"विकलं असेल," ते म्हणाले.

"डॉक्टर? हे? आणि विकायचं तर काळं कशाला फासलं? चमकणाऱ्या मालाला गिऱ्हाईक जास्त."

"ओळखू येऊ नये म्हणून," मिस्त्री म्हणाले, आणि बोलून गेल्यावर दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

दुकानदाराला फोन लावला. त्याला आठवत होतं तेवढं त्याने सांगितलं. एक तरुण आणून देऊन गेला, गोरा, गोड बोलणारा. आणखी पार्ट आणतो म्हणाला.

जेवणं तशीच राहिली. मिस्त्रींनी पाठीचा पट्टा बांधला, वहिनींनी हात घासून धुतले आणि दोघं डॉक्टरांच्या घरी गेले. दुपारची वेळ, गल्लीत चिटपाखरू नाही. फाटकाची कडी गंजलेली नव्हती, पण तिला तारेचे वेढे घातलेले होते; ते सोडवून दोघं आत शिरले. शेडमध्ये गाडी उभी होती, बॉनेट उघडं. ज्या इंजिनावर डॉक्टर धुळीचा कण बसू द्यायचे नाहीत ते उघडं पडलं होतं आणि आत वाळकी पानं साचली होती.

बेल वाजवल्यावर दार लगेच उघडलं. इतकं लगेच, की माणूस आतून आधीपासून बघत असावा.

"या ना काकू, या काका. कोण आपण?"

पुतण्या खरंच गोड होता. हसताना डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडायच्या. वहिनींनी काम सांगितलं नाही. "इथून चाललो होतो, म्हटलं डॉक्टरांना भेटावं, बरेच दिवसांत आले नाहीत," एवढंच म्हणाल्या.

"काका गावाला गेलेत. आत्याकडे. तिकडची हवा मानवते त्यांना."

"कधी येणार?"

"आता काय सांगावं? रमलेत तिथे."

"यांच्या पाठीत कळ आलीय. जरा टेकू का? घोटभर पाणी मिळेल?"

पुतण्या क्षणभर दारातच थांबला. मग बाजूला झाला. मिस्त्री खुर्चीत बसून कण्हायला लागले. त्यातलं निम्मं नाटक होतं, निम्मं खरं. पुतण्या त्यांच्याकडे बघत राहिला, पाणी आणायला काही हलेना. वहिनी म्हणाल्या, "बसा तुम्ही, मी घेते," आणि तो उठायच्या आत स्वयंपाकघरात शिरल्या.

ओट्यावर एकाच माणसाची खरकटी भांडी होती. खिडकीच्या कट्ट्यावर एक काचेचा पेला होता. पेल्यात पाणी नव्हतं, तळाला नुसता पांढरा थर, आणि त्या थरात डॉक्टरांची कवळी पडलेली होती, वरची आणि खालची दोन्ही.

दातांचा डॉक्टर. जो माणूस कवळीशिवाय दारातल्या दूधवाल्याशीही बोलायचा नाही, तो दात घरी ठेवून पाहुणा गेला?

"सापडलं का पाणी, काकू?"

तो मागे उभा होता. पावलं वाजली नव्हती. वहिनींनी माठातून ग्लास बुडवून घेतला आणि त्यातला एक थेंबही सांडू दिला नाही. पुढे कित्येक दिवस त्यांना त्याचंच नवल वाटत होतं. मान न वळवता त्यांनी बघितलं: मागच्या बाजूला, पूर्वी दवाखाना होता त्या खोलीचं दार बंद होतं, आणि त्याला बाहेरून कडी होती. कडी नवी होती.

"सापडलं बाबा," त्या म्हणाल्या. "बोलणं झालं की डॉक्टरांना आमचा नमस्कार सांगा."

"सांगतो की."

गल्लीच्या टोकापर्यंत दोघं म्हाताऱ्या चालीने चालले. वळण घेतल्यावर वहिनींनी कवळीचं आणि कडीचं एका दमात सांगितलं. तुटक्या पाठीचा तो माणूस त्या दिवशी पोलीस चौकीपर्यंत अक्षरशः धावला.

चौकीतल्या जमादाराने सगळं ऐकून घेतलं. कव्हराच्या गोष्टीने त्याची भुवईही हलली नाही. कवळीचं ऐकल्यावर मात्र तो उठला आणि टोपी घातली. "माझी अक्कलदाढ त्यांनीच काढली होती," एवढंच म्हणाला.

नवी कडी काढली तेव्हा आतून जो वास आला त्याने जमादार एक पाऊल मागे सरला. डॉक्टर पेशंटच्या खुर्चीत होते. जिवंत होते. अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं, दाढी छातीपर्यंत आलेली, आणि बोळकं तोंड उघडंच. एक बाजू लुळी पडलेली. वहिनी दारात उभ्या होत्या. डॉक्टरांचे डोळे त्यांच्यावर आले, थांबले, आणि त्यांनी चांगला असलेला हात थोडासा उचलला. ओळखलं म्हणून, की नुसता उजेड सहन झाला नाही म्हणून, हे वहिनींना आजही सांगता येत नाही.

पुतण्याने आरडाओरडा केला नाही. "काकांना झटका आला, मग भ्रम झाला," तो शांतपणे म्हणाला. "रस्त्यावर जायचे. गाडीखाली आले असते. कडी लावली नसती तर तुम्हीच मला दोष दिला असता." गाडीचे पार्ट? औषधपाण्यासाठीच विकत होतो, म्हणाला. मग आत्याकडे गेलेत असं का सांगितलं? लोक उगाच चौकशा करतात म्हणून. प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे गुळगुळीत उत्तर होतं, कुठे नख अडकायला जागा नाही.

खटला उभा राहिला. वहिनींनी साक्ष दिली, जे बघितलं तेवढंच सांगितलं. डॉक्टरांना चाकांच्या खुर्चीवरून आणलं होतं, पण त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. वकिलाने विचारलं की ते नुसते रडायचे, आणि ते रडणं कशाची साक्ष म्हणायचं हे कोर्टाला ठरवता आलं नाही. संशयाचा फायदा मिळून पुतण्या सुटला. डॉक्टर आता शहराबाहेरच्या एका आश्रमात असतात. वहिनी आणि मिस्त्री जमेल तेव्हा जातात, त्यांची दाढी करतात, भरवतात. पुतण्या मात्र त्याच कोपऱ्यावरच्या घरात परतला, कारण घरावर हक्क सांगणारं दुसरं कुणी नव्हतं.

परतल्यानंतर तो एकदाच आला. वहिनी बफवर काम करत होत्या. मोटारीच्या घरघरीत दुसरं काही ऐकू येत नाही. बफला लावायचा साबण घ्यायला वळल्या तर तो मागच्या खोलीच्या चौकटीला टेकून उभा. कधीपासून, कोण जाणे.

"चालू द्या, काकू. तुमचं काम बघत होतो." डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या. "छान हात आहे तुमचा. एवढंसं खरवडलंत आणि केवढं बाहेर काढलंत."

त्याने कोनाड्यातला, लोखंडी नगांसाठी ठेवलेला कॉस्टिकचा डबा उचलून बघितला, रिमूव्हरचा कॅन हलवून बघितला, दोन्ही जिथल्या तिथे नीट ठेवले. "जपून हं. घरात असल्या वस्तू म्हणजे कधी काय होईल सांगता येत नाही." बाहेरच्या खोलीत मिस्त्री खुर्चीत डुलकी घेत होते. त्यांच्या पांघरुणाचं खाली लोंबणारं टोक त्याने उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि निघून गेला.

जमादाराला सांगितलं. तो म्हणाला, "धमकी दिली का?" वहिनींनी आठवून बघितलं. दिली नव्हती.

मिस्त्री म्हणाले, धंदा बंद करू. लेकीकडे जाऊ. वहिनींनी दोन दिवस विचार केला आणि नाही म्हणाल्या. आपलं घर सोडून पळायला आपण काय केलंय, हा त्यांचा प्रश्न होता. बफची मोटार मात्र त्यांनी भिंतीकडून काढून दाराकडे तोंड येईल अशी बसवून घेतली. काम पूर्वीसारखंच येतं, पूर्वीसारखंच चमकतं. फक्त वहिनी आता मध्येच मोटार बंद करतात. चाक फिरत फिरत थांबतं. त्या मान वर करून बाहेरच्या खोलीतला मिस्त्रींचा श्वास ऐकू येतो का बघतात, आला की पुन्हा बटण दाबतात.