आत्यांनी हात फिरवलेल्या गाड्या

आत्या आमच्या गॅरेजमध्ये आली ती सीट-कव्हरं शिवायला. दारापाशी मशीन टाकून बसायची. एकदा एका जुन्या गाडीत कव्हर चढवताना तिचा हात दाराखालच्या पट्टीवरून गेला आणि ती म्हणाली, "दादा, हे आतून गेलंय." माझे वडील हसले. रंग तर आरशासारखा होता. तिनं कव्हराचा टोच्या तिथं टेकवला. तो आरपार गेला आणि चहाच्या भुकटीसारखा गंज खाली सांडला.

तेव्हापासून बावीस वर्षं गंज शोधायचं काम तिचंच. तळहाताखाली सुती फडकं घ्यायची, डोळे मिटायची आणि पत्र्यावरून हात फिरवायची. फडक्यामुळे हात अडखळत नाही, रंगाखालचा बारीक फुगवटाही कळतो. सापडला की खडूनं गोल. वडील तेवढा पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करायचे, मग पुट्टी, पॉलिश पेपर, आणि शेवटी सगळ्या गाडीवरून पुन्हा आत्याचा हात. तिनं "जाऊ दे" म्हटल्याशिवाय गाडी पेंटरकडे जात नसे. गिऱ्हाईकंही एवढंच विचारायची, "आत्यांनी हात फिरवला ना?"

वडील वारल्यावर, डिप्लोमा संपवून मी गॅरेजमध्ये उभी राहिले. रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणलं, तर आत्या म्हणाली, "मी जेवायला गेले की त्याला विचारत जा."

मागच्या वर्षी साखरेमुळे तिच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. काही दिवसांनी त्या थांबल्या. तिला वाटलं, बरं झालं.

मग एका गाडीला तिनं "जाऊ दे" म्हटलं आणि मागच्या चाकावरच्या पत्र्यावर, तिरप्या उजेडात, मला हरभऱ्याएवढा फोड दिसला. मी गप्प बसले. संध्याकाळी ती घरी गेल्यावर तेवढा भाग कापून दुरुस्त केला. पुढच्या गाडीतही तसंच झालं. पाच महिने मी तिच्या मागून हात फिरवत राहिले.

पेंटरच्या पोटात काही राहत नाही. चहा पिताना तो म्हणाला, "आत्याबाई, भाची भारी कडक आहे तुमची. तुम्ही पास केलेल्या गाड्या ती नापास करते!"

आत्यानं कप खाली ठेवला. समोर नुकतीच तिनं सोडलेली गाडी उभी होती.

"ये इकडे. कुठे खराब आहे, तिथं माझा हात ठेव."

मी तिचा हात धरून फोडावर ठेवला. तिनं डोळे मिटले. मग फडकं काढून टाकलं.

"ठेवलास?"

"हो."

"त्याच्यावरच?"

"हो, आत्या."

बराच वेळ तिनं हात हलवला नाही. मग डोळे उघडून बोटांच्या फटीतून खाली पाहिलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार होते?"

"तोंडानं," ती म्हणाली. "कधीपासून चाललंय हे?"

"पाच महिने."

"मुंग्या थांबून आठ झाले." ती हिशोब लावत थांबली. "मधल्या तीन महिन्यांतल्या गाड्या?"

त्या गाड्या रस्त्यावर होत्या. आतून खाल्लेली पट्टी बाहेरून कितीही चकचकीत असली, तरी धडक बसली की कागदासारखी दुमडते, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

"मी फोन करते सगळ्यांना," मी म्हणाले.

"तू फक्त नंबर लावून दे."

पहिला नंबर एका मास्तरांचा होता. आत्या म्हणाली, "मास्तर, गाडी परत आणा. गंज राहिला असेल."

मास्तर मोठ्यानं हसले. मला लांबूनही ऐकू आलं. "अहो, काहीतरीच काय! तुम्ही स्वतः हात फिरवलाय ना तिच्यावर?"

आत्यानं फोन दोन्ही हातांनी धरला.

"म्हणूनच आणा," ती म्हणाली.

तिनं फोन बंद करून माझ्यापुढे केला.

"पुढचा लाव."