मिठाची पोती

पोहता येतं म्हणून मी पाण्यातून माणसं वाचवणाऱ्या पथकात गेले. दुसरं काही कारण नव्हतं. वडिलांनी लहानपणी पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत ढकललं होतं, आणि लोणारात ब्लाउज शिवत बसलेल्या बाईला त्या विद्येचा काडीचा उपयोग नव्हता. स्वयंसेवक हवेत असं कळलं तेव्हा नाव देऊन आले. नवरा म्हणाला, आता गिऱ्हाइकं माप द्यायला तलावावर येतील. येऊ देत, म्हटलं.

प्रशिक्षण धरणावर झालं. सगळे पुरुष आणि मी एकटी. बुडणाऱ्याच्या मिठीत सापडायचं नाही, आधी दोर फेकायचा, जावंच लागलं तर मागून धरायचं, हे सगळं शिकले. रबरी बाहुल्याची छाती दाबून दाबून मनगटं भरून आली. बाहुला दर वेळी वाचायचा, म्हणजे शिकवणारे सर तसं म्हणायचे. माणूस आधीच गेलेला असला तर काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही कोणी विचारलंही नाही.

पहिला फोन आला तो बीबीकडच्या एका गावातून. दसरा होऊन गेला होता, तरी ऊन मी म्हणत होतं. कॉलेजात शिकणारा एक मुलगा सकाळी बैल धुवायला पाझर तलावात उतरला आणि पाय घसरून खोलात गेला. आम्ही पोचून त्याला गाळातून वर काढेपर्यंत दुपार झाली. काठावर घेताना त्याचा हात माझ्या हातात होता, गारठलेला. पथकप्रमुखांनी त्याला नीट तपासलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. दवाखान्याची गाडी उभीच होती.

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत मिठाची पोती होती. मला वाटलं, कोणाचा तरी किराणा असेल, रस्ता चुकला असेल. पण मुलाच्या काकानं मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. त्यात कोणीतरी सांगत होतं की बुडालेल्या माणसाला मिठात पुरून ठेवलं तर मीठ अंगातलं पाणी ओढून घेतं आणि माणूस उठून बसतो. मी ते बघेपर्यंत इकडे ताडपत्री अंथरून झालीसुद्धा. पोती फोडणाऱ्यांत शाळेतले गुरुजी होते. आमच्या डोळ्यांदेखत त्यांनी त्या पोराला गळ्यापर्यंत मिठानं झाकून टाकलं. 

मग माझी जीभ अशी सुटली की काय काय बोलले ते मलाही आठवत नाही. हे खोटं आहे, असलं पसरवणाऱ्याला फोडून काढलं पाहिजे, असं काहीतरी. मुलाचा बाप ओंजळीनं मीठ टाकत होता. तो थांबला.

"तुमचं काय जाते, बाई? मीठ आमचं, लेकरूही आमचं."

एवढं बोलून त्यानं पुन्हा ओंजळ भरली.

गाव हट्टाला पेटलं होतं, समजावण्यात तासभर गेला. जबरदस्ती केली तर मारामारी झाली असती. प्रमुख मला बाजूला घेऊन म्हणाले, आईला पटलं तर सगळ्यांना पटेल, तुम्ही बाई माणूस आहात, तुम्हीच सांगा. हे काम माझ्या वाट्याला येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आई त्याच्या उशाशी बसली होती. एक हात कोपरापर्यंत मिठात खुपसून तिनं त्याचा हात धरून ठेवला होता. ती रडत नव्हती, त्याचीच मला भीती वाटली. मी तोंड उघडणार तोच तिनं माझं मनगट धरलं आणि माझा हात मिठात ओढला.

"तुमी शिकल्या ना हे. पाहा बरं. गरम होऊन राह्यला तो."

हात खरंच गरम होता.

दोन बोटं आपोआप नाडीवर गेली. मी दाबलं, अजून दाबलं, श्वास रोखून वाट पाहिली. गारठलेला हात मीच धरला होता, तरी त्या घटकेला मलाही वाटलं की तो उठणार. बोटांखाली काही हललं नाही. मग जाणवलं की माझा स्वतःचा हात भाजतोय. फुटाणे भाजायच्या वाळूसारखं मीठ तापलं होतं.

"ताई," मी म्हणाले, "उन्हानं मीठ तापलं. म्हणून हात गरम लागते. तो गेला, ताई."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग वर सूर्याकडे. हात मिठातून काढला आणि लुगड्याला पुसला. नवऱ्याला म्हणाली, "सावलीत घ्या त्याले. केव्हाचं ऊन लागून राह्यलं लेकराले."

मग बाप गुडघ्यावर बसला आणि पोराच्या गळ्याजवळचं मीठ बोटांनी बाजूला सारायला लागला.