मानेवरचा हात

मंडळी, आज सकाळी यवतमाळला मानेच्या फिजिओथेरपीसाठी गेलती. आल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहून राह्यली.

माझी मान पुढं झुकलेली, खांदे पडलेले. थेरपी देणारी पोरगी माझ्या नातीच्या वयाची. तिनं मले भिंतीला पाठ लावून उभं केलं. "आजी, हनुवटी आत, नजर समोर. मोबाईल खूप पाहता का?"

मग तिनं आधारासाठी मानेमागं हात ठेवला. माझी मान आपोआप खाली गेली. तीनदा तसंच झालं.

"आजी, वर करायला सांगते, तुम्ही खाली का करता?"

कायले करते? छप्पन साली बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आमच्या बाभुळगावजवळच्या खेड्यात आले. मले म्हणाले, "आता मान वर करून चालाचं." मी आठ वर्षांची. दुसऱ्या दिवशी पाटलाच्या ओट्यासमोरून तशीच चालली.

ओट्यावरून आवाज आला, "कोणाची पोरगी होय ही? लय ताठ चालून राह्यली!"

मागून माय धावत आली. तिनं माझ्या मानेवर हात ठेवून मान खाली दाबली, अन् ओटा मागं पडेपर्यंत हात काढला नाही. पुढं कितीतरी वर्षं हेच.

आता माय नाही, बाबा नाही, ओटाही पडला.

पोरीनं कागदावर दुखण्याचं कारण लिहिलं, 'मोबाईलचा अतिवापर'. माझ्याकडं मोबाईल येऊन चार वर्षं झाली. मी मान खाली घालून कागद घेतला.

तुम्ही काय लिहिलं असतं?