पाठीवर पट्टा, तर पोतं कुठी?

दोस्तहो, आज डोकंच सरकलं.

इथी पुण्याजवळ गोदामात आम्ही ट्रकमध्ये तांदळाची पोती भरतो. आमच्या वडसाकडचे शंकरभाऊ कमरेनं हैरान. मालकानं कमरेचा भार घेणारा, पाठीवर कडक सांगाडा असलेला पट्टा आणला, तर भाऊ सगळ्यात खुश.

भाऊंनी पट्टा बांधला. पण आम्ही पोतं घेतो पाठीवर, अन् सांगाडाही पाठीवरच! पोतं घसरून धाडकन खाली.

पट्टा दाखवाले आलेला साहेब म्हणे, "पोतं समोर धरा ना."

मी म्हटलं, "मंग ट्रकवर चढाची फळी कशी दिसन? पाय कुठी ठेवू?"

साहेबानं कागदावर लिहिलं, कामगार वापरायला तयार नाहीत.

भाऊ पट्टा सोडत म्हणे, "जाऊ दे बाबू, या कमरेनं आता पोतं उचलणं होत नाही, मी आपला गावाले जातो."

बनवणाऱ्यानं आधी एक पोतं उचलून पाहाले काय झालं होतं? तुमच्या कामात तुम्हाले कोणी विचारते काय?