साध्या मजकुराची फाईल

नोकरीतल्या कितीतरी केसेस विसरलो, ही एक विसरता आली नाही. तेव्हा पुण्यात गल्लोगल्ली संगणक येत होते. आमच्या पोलीस ठाण्यातही एक आला होता. त्यावर कपडा झाकून आम्ही हातानेच लिहीत होतो.

कसबा पेठेतल्या एका डीटीपीच्या दुकानात कॉलेजच्या परीक्षेचा पेपर टाइप झाला आणि परीक्षेआधीच एका खासगी क्लासच्या मुलांच्या हाती पडला. तो दुकानातूनच ई-मेलने गेला होता. त्या वेळी संगणकासमोर बसली होती तिथली ऑपरेटर, वर्ध्याकडून आलेली पस्तिशीची बाई. घर तिच्या एकटीच्या नोकरीवर चालत होते. त्याच दिवशी निनावी फोन आला, की बाईचा दीर त्याच क्लासमध्ये शिपाई आहे. खबर खरी निघाली. मला आणखी काय हवे होते?

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचे नाही, आपण तिच्या घरी जायचे, हा कायदा मला तोंडपाठ होता. तरी तीन दिवस तिला दहा ते सहा बाकावर बसवले, शेजारी महिला शिपाई. अटक नाही, स्टेशन डायरीत नोंद नाही. अशी माणसे बसवून ठेवायची आमची रीतच होती.

"मी काही पाठवलं नाही जी साहेब," ती रोज तेच सांगे. "गिऱ्हाइकाची जाहिरात आली होती. ती फाईल एडिटरमध्ये उघडली, इतकंच. पडदा एकदा लुकलुकला."

"फाईल साध्या मजकुराची होती ना?"

"हो जी."

"मग मजकूर काय उठून पेपर पोस्टात टाकून आला?"

सगळे ठाणे हसले. एडिटर, म्हणजे मजकूर टाइप करायचा प्रोग्रॅम, बनवणाऱ्या कंपनीचा टायवाला माणूसही 'असे होऊच शकत नाही' हे लेखी देऊन गेला. टाय पाहून मी मानले.

चौथ्या दिवशी कर्वेनगरचे एक प्राध्यापक बातमी वाचून आले. "हे होऊ शकतं, असं मी कंपनीला आणि आपल्या ठाण्याला दोन महिन्यांपूर्वीच लेखी कळवलं होतं." त्यांनी आमच्याच संगणकावरचा कपडा काढला. एडिटर तोच होता. त्यात फाईलच्या पहिल्या ओळीत अक्षराचा आकार, समास अशा सूचना लिहिण्याची सोय होती. तिथे दुसरी कुठलीही आज्ञा लिहिली तरी एडिटर ती निमूट पाळायचा. प्राध्यापकांनी चार ओळींची एक फाईल उघडली. पडदा लुकलुकला आणि आमची ड्युटी-यादी आपोआप त्यांच्या फ्लॉपीत उतरली.

"अहो, आपण अर्ज वाचला नसेल," ते म्हणाले. "पोच मात्र सुवाच्य अक्षरात दिलीत."

अर्ज सापडला. महिनाअखेरीला प्रलंबित अर्जांचा गठ्ठा हलका करायला आम्ही न वाचताच शेरा मारत असू : 'चौकशी केली, तथ्य नाही, दप्तरी दाखल.' खाली सही माझी होती. तोंडात मारल्यासारखे झाले.

जाहिरातीच्या पहिल्या ओळीतही पेपर ई-मेलने पाठवायची आज्ञा निघाली. ती मांजरी गावातल्या एका सायबर कॅफेतून आली होती. पाठवणारा त्या क्लासचाच संगणक-मास्तर. निनावी फोनही त्याचाच. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली, वर्तमानपत्रात फोटो आला. कंपनीने दुरुस्त सीडी काढली, वर 'अधिक सुरक्षित' असे छापून.

दुकानदाराने बाईला परत घेतले नाही. "ती निर्दोष आहे, मान्य. पण तीन दिवस ठाण्यात बसलेल्या बाईच्या हाती कुठलं कॉलेज पेपर देईल?"

ती एकदा ठाण्यात आली, या वेळी आपणहून. "साहेब, मी काही केलं नाही असा एक कागद द्या जी. नव्या ठिकाणी दाखवायला."

आरोपी म्हणून तिचे नाव आले असते, तर सुटल्याचा कोर्टाचा हुकूम तरी मिळाला असता. कागदोपत्री ती ठाण्यात आलीच नव्हती. तशी व्यवस्था मीच केली होती. चार ओळी लिहून दिल्या असत्या, तर त्या तीन दिवसांची ती माझीच कबुली ठरली असती. माझी बढती जवळ आली होती.

"नियमात बसत नाही," मी म्हणालो.

"बरं जी," म्हणून ती गेली.

खोटे बोलणारा रोज थोडे बदलून सांगतो, हे मी नव्या अधिकाऱ्यांना शिकवत आलो. तिने तीन दिवस एक अक्षर बदलले नाही, तरी मला ऐकू आले नाही. व्याख्यानात या केसबद्दल विचारतात, तेव्हा मी एडिटरविषयी सांगतो आणि टाळ्या घेतो. याची मला लाज वाटते. म्हणून आज, तिच्या काही उपयोगाचे नसताना, लिहून देतो : त्या बाईने काही केले नव्हते. तिला ठाण्यात मी बसवले होते.